आधी वकील, मग कबुली : ‘रिकव्हरी कोर्टा’विषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

व्यसनी आरोपीला तुरुंगाऐवजी न्यायाधीशाच्या देखरेखीखाली उपचार देणाऱ्या, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील ‘रिकव्हरी कोर्टा’विषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली आणि उत्तराला आठवडा लावला, कारण तिच्यातील एका मुद्द्याची नीट खातरजमा केल्याशिवाय काही लिहिणे योग्य झाले नसते. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. आपली बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिचा मुलगा आधी वेदनाशामक गोळ्यांच्या आणि पुढे हेरॉइनच्या व्यसनात सापडला, अमली पदार्थ बाळगल्याबद्दल पकडला गेला, आणि माझा लेख वाचून बहिणीने ‘कोर्टाचा कार्यक्रम मिळत असेल तर डोळे मिटून घे’ असा त्याच्यामागे धोशा लावला. मुलगा ग्रीन कार्डावर आहे. आपण ठाण्याहून लिहिता की, लेखात एकाच बाजूचे चित्र आहे, न्यायाधीश हा काही डॉक्टर नव्हे, धाकाने दिलेले उपचार टिकत नाहीत, आणि अमेरिकेचा नागरिक नसलेल्या माणसाला या कार्यक्रमाची काय किंमत मोजावी लागते याबद्दल लेखात एक अक्षरही नाही. ‘असली कोर्टे आपल्याकडेही आहेत, त्यांनी कोणाचे भले केले?’ असेही आपण शेवटी विचारले आहे.

नागरिकत्वाविषयीचा आपला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. ती चूक माझी आहे आणि ती लहान नाही. कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याची गुन्ह्याची नोंद पुसून टाकण्याची सोय न्यू जर्सीत २०१६ पासून झाली आहे, असे मी लिहिले होते. राज्याच्या कायद्यापुरते ते खरे आहे. परंतु अमेरिकेत कोणाला राहू द्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे हे राज्य ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते, आणि केंद्राच्या स्थलांतरविषयक कायद्यात ‘दोषसिद्धी’ या शब्दाची व्याख्या १९९६ पासून फार व्यापक करून ठेवलेली आहे. आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने त्याला काही शिक्षा दिली किंवा त्याच्या स्वातंत्र्यावर काही बंधन घातले, मग ते तुरुंगाचे असो वा नुसत्या देखरेखीचे, तर त्या कायद्याच्या दृष्टीने तो दोषी ठरला. पुढे त्याने सगळे उपचार पूर्ण केले, भर न्यायालयात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या आणि राज्याने नोंदही पुसली, तरी केंद्राच्या लेखी ती दोषसिद्धी तशीच उभी राहते. न्यू जर्सीच्या रिकव्हरी कोर्टात प्रवेश मिळतो तो सामान्यतः गुन्हा कबूल केल्यानंतरच. म्हणजे ज्या दाराला मी सुटकेचे दार म्हटले होते, त्याच दारातून ग्रीन कार्डावरचा किंवा विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा हद्दपारीच्या प्रकरणात जाऊन पोहोचू शकतो. अमली पदार्थांच्या दोषसिद्धीला या बाबतीत अपवाद जवळजवळ नाहीच. स्वतःच्या वापरासाठी तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचे एकमेव प्रकरण असेल, तर तेवढ्यापुरती सूट आहे. आपल्या भाच्याचे प्रकरण गांजाचे नाही.

यात प्रवासाचीही एक गोष्ट आहे, जी घराघरांत सहज विसरली जाते. अशी कबुली दिलेला ग्रीन कार्डधारक आजीला भेटायला किंवा कोणाच्या लग्नासाठी भारतात आला, तर परतताना विमानतळावर त्याला नव्याने प्रवेश मागणारा परका माणूस समजून अडवता येते. तेव्हा प्रकरण मिटेपर्यंत, आणि मिटल्यानंतरही वकिलाला विचारल्याशिवाय, त्याने अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नये, एवढे बहिणीला आजच कळवावे.

२०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पडिला विरुद्ध केंटकी’ या खटल्यात जो निर्णय दिला, तो अशा प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवा. होसे पडिला हे चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायदेशीरपणे राहिलेले, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले गृहस्थ. इतकी वर्षे इथे काढली आहेत, तेव्हा हद्दपारीची काळजी करू नका, असे वकिलाने सांगितल्यामुळे त्यांनी अमली पदार्थांच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला, आणि हद्दपारीचे संकट ओढवून घेतले. कबुलीचा परिणाम हद्दपारीत होऊ शकतो हे अशिलाला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्यच आहे, असे न्यायालयाने ठरवले. याचा अर्थ असा की, भाच्याचा वकील सरकारने दिलेला असो वा पैसे देऊन केलेला, ‘या कबुलीचा ग्रीन कार्डावर काय परिणाम होईल?’ हा प्रश्न त्याला विचारण्याचा आणि स्पष्ट उत्तर घेण्याचा मुलाला हक्क आहे. उत्तर लेखी मागावे. हद्दपारीचे प्रकरण एकदा सुरू झाले की तिथे मात्र फौजदारी खटल्यासारखा सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसतो, म्हणून हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारावा, तो ‘प्रीट्रायल इंटरव्हेन्शन’ या न्यू जर्सीतील दुसऱ्या वाटेचा. ही वाट मुख्यतः पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्यांसाठी आहे. तीतही देखरेख आणि उपचार असतात, पण अनेक प्रकरणांत गुन्हा कबूल न करता तीत शिरता येते, आणि अटी पाळल्या की आरोप रद्द होतात. नागरिक नसलेल्या मुलासाठी या दोन वाटांतील अंतर फार मोठे आहे. माझ्या लेखात दुसऱ्या वाटेचा उल्लेखही नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता ज्या मुद्द्यांवर मी आपल्याशी सहमत नाही, त्यांकडे वळते.

धाकाने दिलेले उपचार टिकत नाहीत, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि ती मला घातक वाटते. ‘त्याच्या मनात आल्याशिवाय काही होणार नाही’ असे म्हणत घरचे लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात आणि तेवढ्यात मुलगा हातचा जातो. उपचार परिणामकारक होण्यासाठी ते स्वेच्छेनेच घेतलेले असले पाहिजेत असे नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने आपल्या उपचारतत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे. घरच्यांच्या, नोकरीच्या किंवा कायद्याच्या दडपणाखाली आलेला माणूसही तितकाच सुधारू शकतो. किंबहुना त्या दडपणामुळे तो अधिक काळ उपचारांत टिकतो. मायामीत १९८९ साली पहिले ड्रग कोर्ट, म्हणजे रिकव्हरी कोर्टाचाच मूळ प्रकार, सुरू झाले तेव्हा कोकेनच्या लाटेने तिथले तुरुंग भरून गेले होते आणि तीच ती माणसे पुन्हा पुन्हा आत येत होती. त्या अनुभवातून ही कल्पना निघाली. पुढे अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकेतील संशोधन संस्थेने २३ ड्रग कोर्टांचा तुलनात्मक अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीड वर्षानंतर घेतलेल्या मुलाखतींत, आदल्या वर्षभरात अमली पदार्थ घेतल्याचे कोर्टाच्या कार्यक्रमातील ५६ टक्के लोकांनी सांगितले, तर कार्यक्रमाबाहेरच्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते. गुन्हा केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० आणि ५३ टक्के होते. यातला ५६ हा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण कार्यक्रमात जाऊनही निम्म्याहून अधिक लोक पुन्हा घसरले हे त्यातून दिसते, आणि हेही माझ्या लेखात यायला हवे होते.

न्यायाधीश डॉक्टर नसतो, हे तर उघडच आहे. त्याच अभ्यासात मात्र असेही आढळले की, न्यायाधीश आपल्याशी न्यायाने आणि आदराने वागतो असे ज्यांना वाटले, त्यांच्यात सुधारणा अधिक झाली. एका मराठी कुटुंबाला भाषेची मदत म्हणून मी अशा न्यायालयात काही सकाळी बसले आहे. एकेकाला नावाने पुढे बोलावतात. आठवडा कसा गेला, काम मिळाले का, आईशी बोलणे झाले का, असे विचारतात. एका तरुणाने ‘शनिवारी घेतली’ असे स्वतःहून सांगितले, तेव्हा त्याच्या समुपदेशकाच्या भेटी वाढवण्यात आल्या. त्याच सकाळी लघवीच्या तपासणीत सापडूनही खोटे बोलत राहिलेल्या दुसऱ्याला मात्र दोन दिवस कोठडीत पाठवले. खरे बोलण्याला असे मोल दिलेले पाहून त्या कुटुंबातली आई बाहेर येऊन बराच वेळ रडली, कारण त्यांच्या घरात गेली तीन वर्षे खरे कोणीच बोलत नव्हते.

तरीही आपल्या आक्षेपात एक सत्य आहे आणि ते मी झाकणार नाही. अनेक ड्रग कोर्टांनी वैद्यकीय निर्णय स्वतःच्या हातात घेतले. हेरॉइनसारख्या ओपिऑइड पदार्थांच्या व्यसनात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे मृत्यूचे प्रमाण कमी करतात. तरी ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे म्हणत न्यायाधीशांनी ती बंद करायला लावल्याची प्रकरणे घडली. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या संस्थेने २०१७ साली ड्रग कोर्टांवर जो टीकात्मक अहवाल काढला, त्याचा रोख याच ढवळाढवळीवर होता. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने लेखी मार्गदर्शन काढून हे स्पष्ट केले की, डॉक्टरांनी लिहून दिलेले असे औषध घेतो म्हणून एखाद्याला न्यायालयाच्या कार्यक्रमातून वगळणे किंवा औषध सोडायला लावणे हे अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. आपल्या भाच्याला ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल, तर कोणाच्याही सांगण्यावरून त्याने ते डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

आणि एक विनंती. आपण रागाच्या भरात भाच्यासाठी ‘गर्दुल्ला’ हा शब्द वापरला आहे. आपला राग मी समजू शकते, पण तो मुलगा मराठी वाचतो असे आपणच लिहिले आहे. शक्य असल्यास तेवढा शब्द प्रतिक्रियेतून काढावा.

‘असली कोर्टे आपल्याकडेही आहेत’ हे मात्र बरोबर नाही. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली जी विशेष न्यायालये आहेत, ती खटले लवकर चालवण्यासाठी आहेत, उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठी नव्हेत. उपचारांची वाट त्याच कायद्याच्या दोन कलमांत आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर कलम ६४-अ खाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही, त्याची संमती असेल तर, शिक्षा देण्याऐवजी जातमुचलक्यावर उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार कलम ३९ न्यायालयाला देते. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि गांजासाठी १ किलोपर्यंत. महाराष्ट्रातल्या ज्या पालकांचा मुलगा अशा आरोपात अडकला आहे, त्यांनी वकिलाला ही दोन कलमे नाव घेऊन विचारावीत, कारण ती आपण होऊन कोणी हातात ठेवत नाही. खटल्याचा प्रश्नच नसेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, १४४१६ वर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी आहे, आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

आपल्या बहिणीसाठी न्यू जर्सीतील माहिती वेगळी देते. १-८४४-७३२-२४६५ या राज्याच्या मदतवाहिनीवर चोवीस तास माणूस बोलतो आणि उपचारकेंद्रात जागा शोधून देतो. १-८००-६६२-४३५७ ही देशभराची मोफत मदतवाहिनी आहे. उपचार सुरू करण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, आणि व्यसनाच्या उपचारांची कागदपत्रे रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय उघड न करण्याचे केंद्राचे कडक नियम आहेत. कार्यक्रमात शिरताना मात्र अशाच संमतीपत्रावर सही मागतात, म्हणून तो कागदही वकिलाने आधी वाचावा. नालोक्सोन हे ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा म्हणून नाकात फवारायचे औषध घरात आणून ठेवावे; न्यू जर्सीत सहभागी असलेल्या औषधांच्या दुकानांत २०२३ पासून ते नाव न सांगता मोफत मिळते. काही आठवडे पदार्थ सुटला की शरीराची सवय मोडते आणि पूर्वीचीच मात्रा जीव घेते, म्हणून उपचारकेंद्रातून किंवा कोठडीतून घरी आल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

मूळ लेखातील नोंद पुसण्याविषयीचा परिच्छेद मी आज बदलला आहे, नागरिक नसलेल्यांसाठीची सूचना लेखाच्या अगदी आरंभी घातली आहे, आणि आधीचे चुकीचे वाक्य कोणते होते तेही तिथे लिहिले आहे. भाच्याची सुनावणी अजून व्हायची आहे, असे आपण म्हणता. त्या दिवशी वकिलाकडून स्थलांतराविषयीचे उत्तर मिळाले नसेल, तर मुलाने कबुली न देता पुढची तारीख मागून घ्यायला वकिलाला सांगावे. स्थलांतराच्या वकिलाशी बोलताना बहिणीला भाषेची अडचण वाटत असेल, तर त्या संभाषणाला मी सोबत बसेन.