स्वस्त कुठे मिळतं आणि कोणाला

सुपरमार्केटच्या बिलाच्या तळाशी 'आज तुम्ही इतके रुपये वाचवले' अशी एक ओळ छापलेली असते. ती मी वाचणं सोडून दिलंय. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मात्र पगार झाला की त्या ओळीचे फोटो पडायला लागतात. कोणाचे सहाशे वाचले, कोणाचे नऊशे. एकीने तर आकड्याभोवती लाल गोल काढला होता, खाली टाळ्याच टाळ्या. मला दरवेळी एकच विचारावंसं वाटतं. वाचले ते कशापेक्षा?

एमआरपीपेक्षा. एमआरपी म्हणजे कंपनीनेच छापलेला, सगळे कर धरून जास्तीत जास्त भाव. त्याच्यावर विकता येत नाही, खाली कितीही विका. साबण, टूथपेस्ट, बिस्किटांचं समजू शकते. गल्लीतला दुकानदारही छापील भावच लावतो, म्हणून त्यात सुपरमार्केटची सूट खरी. पण डाळ, काजू, खारीक, पोहे? त्यांच्या पाकिटावरचा भाव कुठल्याच दुकानात कोणी देत नाही. समजा किलोभर तूरडाळीच्या पाकिटावर २६० छापलंय आणि तुम्हाला ते १४९ ला मिळालं. बिल म्हणणार १११ रुपये वाचले. तीच डाळ दाणाबाजारात १३५ ला सुटी मिळत असेल तर तुमचे १४ रुपये गेले. गेले ते गेले, वर टाळ्या.

जळगावात बसून पाकिटातली डाळ घ्यायची हे मला तरी झेपत नाही. एमआयडीसीत रांगेने डाळमिली आहेत, इथली डाळ देशभर जाते, आणि आपण ती चकचकीत पाकिटात भरून परत विकत घेतो! दाणाबाजारात पोत्यात हात घालून डाळ बघता येते. फटका आहे की सवा नंबर (या डाळीच्या प्रती), पॉलिश मारलेली आहे का, चुरी किती, तळहातावर घेतली की कळतं. जास्त चकाकणारी डाळ मी तरी घेत नाही. अस्सल डाळ जरा मातकट, कोरडी दिसते. नवापूरकडची गावरान तूरडाळ मिळाली तर भाव न विचारता घ्यावी, तिच्या वरणाला फोडणी नसली तरी चालते.

त्यात कराचा भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. ब्रँड मोठा असो की कोपऱ्यावरच्या गिरणीचा. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या मालावर नाही, आणि २५ किलोपेक्षा मोठ्या कट्ट्यावरही नाही. तांदळाच्या गोण्या अचानक २६ किलोच्या का झाल्या, त्याचं उत्तर इथे आहे. व्यापाऱ्याला अक्कल शिकवायला कोणी लागत नाही.

म्हणजे मी सुपरमार्केटच्या विरोधात आहे का? अजिबात नाही. मीही जाते, आणि तिथे घेते तो माल गल्लीतल्या दुकानात घेत नाही. 'किराणा दुकानदार हा आपला माणूस' अशा पोस्टी दिवाळीच्या तोंडावर टाकणारे लोक स्वतः मोबाइलवर दहा मिनिटांत दूध मागवतात, हे माहीत आहे. शिवाय त्या आपल्या माणसाच्या दुकानात भाव कुठेच लिहिलेला नसतो. विचारावं तर 'घ्या ना वहिनी, तुम्हाला काय जास्त लावणार' हे उत्तर. मला ते नाही चालत. मी पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर आकड्यांत असते, आणि समोर आकडा लिहिलेला असला की मला बरं वाटतं.

आणि साबण-पावडर-चहा-बिस्किटांत मोठ्या दुकानाची सूट खरीच असते, त्यात जादू नाही. डी-मार्टचं उदाहरण घ्या. राधाकिशन दमाणी मूळचे शेअर बाजारातले, पहिलं दुकान २००२ साली पवईत काढलं. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते, म्हणून तो भाव पाडून देतो. धडाधड खपेल तोच माल ठेवायचा, सजावटीवर पैसा घालायचा नाही. गल्लीतला दुकानदार डिस्ट्रिब्युटरकडून माल घेतो, अर्धा उधारीवर, आणि त्या उधारीची वसुली आमच्याकडच्या कर्जाच्या हप्त्याशी मारामारी करते. ही खाती रोज माझ्या टेबलावर येतात.

ऑफरच्या एका रविवारी बिलिंगच्या रांगेत माझ्यापुढे एक ओळखीचे किराणा दुकानदार उभे होते. गाड्यात साखरेच्या पिशव्या, कपडे धुण्याच्या पावडरचे पुडे आणि चहापत्ती, सगळं एकाच छापाचं. मागे त्यांचा मुलगा दुसरा गाडा घेऊन, ओळख नसल्यासारखा. एका बिलावर ठरावीक नगच देतात ना! मला बघून काका जरा हसले, म्हणाले, "ताई, डिस्ट्रिब्युटर मला ज्या भावात देतो, त्याच्या खाली हे लोक विकतात. मग मी काय करू?" काय सांगणार? दुसऱ्या दिवशी तोच पुडा त्यांच्या दुकानात छापील भावाने लागला असणार. त्यांच्या गल्लीतल्या ज्या बाईने तो घेतला तिला रिक्षा करून हायवेवरच्या सुपरमार्केटपर्यंत जाणं परवडत नाही, हे काकांनाही माहीत आहे.

सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायचे ते तेलाला. तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे एक किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. इथपर्यंत बऱ्याच जणींना माहीत असतं. पण पूर्वी ठरावीक मापाचीच पाकिटं काढण्याचा जो नियम होता तो गेला, आणि आता ८५०, ८००, ७५० ग्रॅम अशा पिशव्या निघाल्यात. दिसायला तेवढीच, फडताळावर शेजारी शेजारी. पाच रुपये स्वस्त म्हणून उचलावी तर तेल शंभर ग्रॅमनी कमी. डब्याचंही तेच. १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा. लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या जरा वर तेल असतं, जवळजवळ दीड लिटरचा फरक. दोन दुकानांतले भाव फोनवर विचारून तुलना करणाऱ्यांनी आधी हे विचारावं. दुकानदार आपणहून सांगत नाही.

गंमत तर पुढे आहे. तेल तापलं की फुगतं, म्हणून काही कंपन्या पिशवीवर '६० अंश तापमानाला एक लिटर' असं बारीक अक्षरात छापायच्या. तेवढं तापवलं की लिटर भरतं, पण वजनात तेल कमी. आपल्या भुसावळचा उन्हाळा कितीही कुप्रसिद्ध असला तरी ६० ला अजून पोचलेला नाही. शेवटी २०२२ साली केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं, तापमान काढून टाका आणि मापासोबत वजन लिहा. तेव्हा पिशवी उलटी करा, वजन वाचा. आता पाकिटावर दर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात तेही छापावं लागतं. अक्षर इतकं बारीक की चष्मा लागतोच, पण अख्ख्या पाकिटावर कामाचा आकडा तो एकच.

तो आकडा बघायला लागलात की एक समज मोडतो. मोठं पाकीट स्वस्त, हा. शाम्पूचं घ्या. रुपया-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरमागे बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. आमच्या घरी बाथरूममध्ये पुड्यांची माळ लटकते. आलेल्या पाहुण्याला आम्ही चिक्कू वाटतो, वाटू दे.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांत आलं, बिस्किटंही. त्या सुमाराला सगळीकडे 'महाबचत' असे फलक लागले होते. त्यातली किती सूट दुकानाची आणि किती सरकारने सोडलेली, हे त्या फलकावर कोण लिहितं?

गहू आणि मिरचीबद्दल थोडक्यात, कारण खान्देशात हे सांगायची गरज पडू नये. लोकवन गहू चैत्र-वैशाखात वर्षाचा भरायचा, ऊन द्यायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला. मिरची नंदुरबारची. देठासकट आणि देठ काढलेली असे दोन भाव असतात. देठासकट घेऊन घरी खुडली तर स्वस्त पडते, फक्त दोन दिवस डोळे चोळायचे नाहीत. काळ्या मसाल्याचं पाकीट सुपरमार्केटातून आणून शेवभाजी करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. ज्याची त्याची शेवभाजी. कळण्याचं पीठ तर तिथे नसतंच. ज्वारी-उडीद गिरणीत नेऊनच दळून आणावे लागतात.

आता गाड्याबद्दल. हिशेब इथे फिसकटतो. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, आत एसी. लोक अख्खं कुटुंब घेऊन येतात ते गारव्याला, हे उघड आहे. तेल-साखर सगळ्यात आत, तिथपर्यंत जाताना प्लास्टिकचे डबे, चादरी, कुकर, मुलांच्या उंचीवर चॉकलेटं. माझी धुळ्याची मावससासू एकदा माझ्या पिशव्या बघून म्हणाली होती, "आख्खं दुकानच लई उनी का वं?" (अहिराणीत, म्हणजे अख्खं दुकानच घेऊन आलीस का गं?) डाळ-तेल आणायला गेलेली मी, आणि पिशवीत सहा काचेचे बाऊल. दीडशेला सहा होते, काय करता. यादी लिहून नेण्याचा उपाय सगळे सांगतात. माझा उपाय वेगळा आहे, गाडा न घेता हातातली टोपली घ्यायची. टोपली जड झाली की हात दुखतो, माणूस आपोआप बिलाकडे वळतो.

मला खरं सतावतं ते वेगळंच. स्वस्ताई मिळते कोणाला? ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे आहेत, गाडी आहे, ठेवायला जागा आहे, त्याला. माझ्याकडे भांडी घासायला येणारी ताई तेल पावशेर घेते, डाळ दहा-वीस रुपयांची. यावल-चोपड्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी आठवडे बाजाराच्या दिवशी हातात पडते, त्यात आठवड्याचं सामान. त्यांना किलोमागे सगळ्यात महाग भाव पडतो. आणि मजुरी लांबली की वहीवर लिहून माल देणारा तोच गल्लीतला दुकानदार असतो, ज्याला आपण महाग म्हणून सोडलं. त्याच्या भावात उधारीचं व्याज आहे, बुडालेल्या वह्यांचा भार आहे. त्याच्या लुबाडणुकीच्या पोस्टी मी लाइक करत नाही, आणि त्याच्याकडून साबणही घेत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यातून वाट सापडलेली नाही.

थोडी सापडली असेल तर ती अशी. डाळ आम्ही तिघी-चौघी मिळून घेतो. मिलीतून ३० किलोचा कट्टा आणायचा, २५ च्या वर म्हणून कर नाही, भाव ठोकचा, आणि घरी काट्यावर वाटून घ्यायचा. कामवाल्या ताईलाही त्यात तीन किलो धरतो, पैसे ती दोन-तीन हप्त्यांत देते. डाळीला एरंडेलाचा हात लावून उन्हात एक दिवस ठेवली की किडीची कटकट नाही.

पुढच्या कट्ट्यात सध्या दोन वाटे रिकामे आहेत. जळगावात रिंग रोडच्या आसपास राहणाऱ्या कोणाला हवे असतील तर मेसेज करा. आपला डबा आपण आणायचा, आणि ज्यांना चकाकणारी डाळच हवी असते त्यांनी कृपया येऊ नये, मागच्या वेळी त्यावरून फार वाद झाला.