बाहुलीला सुई टोचून काकूंचा गुडघा बरा होत नाही

नागपुरातल्या सोसायट्यांच्या, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरबसल्या रिमोट ॲक्युपंक्चर घ्या. फोटो आणि जन्मतारीख पाठवा, ठरल्या वेळी शांत पडून राहा, तज्ज्ञ तिकडे तुमच्या नावाच्या बाहुलीला सुया लावतील आणि ऊर्जा तुमच्यापर्यंत पोहोचेल. डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणलेली विद्या, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता, क्वांटम विज्ञानाचा आधार, हजारोंना गुण, साइड इफेक्ट शून्य. गुडघे, शुगर, दमा, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, सगळ्यांवर लागू. आणि ‘गोळ्या हळूहळू सुटतात’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळ्या सुटण्याचं ते वाक्य नसतं तर मी या भानगडीत पडले नसते. दुपारी तासभर निवांत पडायला कोणाची ना आहे?

कोटणीसांचं आधी निकालात काढू. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते तसेच आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, नाहीतर त्याने त्यांनाही कामाला जुंपलं असतं. कोटणीस तिथे जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. ते परत आलेच नाहीत, मग विद्या आणली कोणी? त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. ते १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले आणि ॲक्युपंक्चर शिकून आले. शिकले ते जिवंत माणसाच्या अंगात सुई घालायला.

मान्यतेचा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा आहे. ॲक्युपंक्चर कोणत्या तक्रारींवर वापरून पाहता येईल याची यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या कामातून १९७९ साली आली, आणि तोवर झालेल्या चाचण्यांचा आढावा २००३ साली. त्या आढाव्यात कच्च्या चाचण्याही धरल्या, अशी टीका झाली, ती वेगळी. आपल्याकडे महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. हे सगळं अंगात टोचायच्या सुईबद्दल आहे. बाहुली, फोटो किंवा केसाची बट यांना यातल्या कोणीही हात लावलेला नाही. वरच्या ओळीत ॲक्युपंक्चरचा पुरावा द्यायचा आणि खालच्या ओळीत बाहुली विकायची, एवढीच ही युक्ती.

बरं, त्या पुराव्यात तरी काय आहे? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये तिचे निकाल आले. नियमाने ॲक्युपंक्चर केलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना बरं वाटलं, भलत्याच ठिकाणी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांवर २७.४ टक्क्यांना. यावर रिमोटवाले लगेच म्हणतील, ‘पाहा, सुई कुठे टोचली याने फरकच पडत नाही, मग बाहुलीत टोचली तर काय बिघडलं?’ बिघडलं हे, की त्या दोन्ही गटांत खरी सुई खऱ्या कातडीत गेली होती, आणि समोर बसलेलं कोणीतरी पेशंटकडे वेळ देऊन पाहत होतं. शिवाय २०१० मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. पायात सुई टोचून फिरवली की तिथल्याच पेशींमधून ॲडेनोसिन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि जवळच्या नसांची वेदना दबते, असं त्यात दिसलं. ज्या उंदरांमध्ये ते द्रव्य ओळखणारा रिसेप्टरच नव्हता, त्यांना सुईचा काही उपयोग झाला नाही. सुईचं जे काही काम असेल ते सुई जिथे टोचली तिथून सुरू होतं. बाहुलीत कापूस असतो.

आणि गुडघ्याचंच म्हणाल तर कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये झिजलेल्या गुडघ्यांसाठी खरं ॲक्युपंक्चरसुद्धा देऊ नका म्हणून सांगितलं. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन उतरवा, हा सल्ला मात्र कायम आहे. तो ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही!

क्वांटमवर फार वेळ घालवत नाही. दोन कण दूर राहूनही एकमेकांशी जोडलेले असतात, हे खरं. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच कामाला मिळालं. पण त्या जोडणीतून निरोप पाठवता येत नाही, हेही तेच शास्त्र सांगतं. आणि तुमचा फोटो तुमच्या गुडघ्याशी क्वांटम नात्याने जोडलेला नसतो. तो फक्त मोबाइलमध्ये असतो.

‘पण गुण येतो न!’ हा खरा मुद्दा, आणि यावर मी कोणाला हसणार नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी एक सेशन घेतलं तेव्हा मी तिथेच होते. भर एप्रिल, पडदे ओढलेले, कूलर सुरू, पायाखाली उशी. घरात सगळ्यांना ताकीद की काकूंना हाक मारायची नाही. अशी ताकीद त्या घरात याआधी कधी निघाल्याचं मला आठवत नाही. पाऊण तासाने फोन आला. पलीकडची बाई अगदी मायेने विचारत होती, ‘काकू, उजव्या पायाला जरा मुंग्या आल्या न? आता हलकं वाटते न?’ काकू म्हणाल्या, ‘हो जी, वाटते तर खरं.’ एकाच अंगावर पाऊण तास पडून राहिल्यावर मुंग्या कोणाला येणार नाहीत?

काकू खोटं बोलत नव्हत्या. पोटाच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये छापून आला. एका गटाला नुसतं थांबवून ठेवलं, दुसऱ्याला कातडीत न शिरणाऱ्या खोट्या सुया लावल्या, तिसऱ्याला त्याच खोट्या सुया लावल्या पण सोबत आपुलकीने भरपूर विचारपूसही केली. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. काकूंच्या हलक्या पायाचा हिशेब बहुधा इथेच लागतो.

मात्र ‘बरं वाटणं’ कुठवर पुरतं, हे दम्याच्या २०११ मधल्या एका अभ्यासात दिसलं. खरा पंप, औषध नसलेला खोटा पंप आणि खोटं ॲक्युपंक्चर, तिन्हींनी रुग्णांना जवळपास सारखंच बरं वाटलं. फुप्फुसांची क्षमता मोजली, तेव्हा खऱ्या पंपाने ती २० टक्क्यांनी सुधारली होती आणि बाकीच्यांनी ७ टक्क्यांच्या आसपास, जेवढी काहीच न करता सुधारली तेवढीच. दम्याचा पेशंट ‘आता मस्त वाटते’ म्हणत पंप बाजूला ठेवू शकतो, आणि त्याच वेळी त्याच्या श्वासनळ्या आवळलेल्याच असू शकतात.

म्हणूनच ‘साइड इफेक्ट शून्य’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. सुई अंगात जात नाही म्हणून जखम होत नाही, इतपत ठीक. शुगरची गोळी सुटली तर त्याचा हिशेब डोळे आणि किडनी देतात, तोही उशिरा. सिकल सेलचं तर विदर्भात सांगायलाच नको. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. सिकल सेलच्या लेकराला ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, तर तेव्हा बाहुलीसमोर पाऊण तास घालवायला वेळच नसतो. मेडिकल किंवा मेयो, नागपुरातल्या या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल ते गाठायचं. हायड्रॉक्सियुरिया ही सिकल सेलवरची गोळी सुरू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

दुरून मिळणारं सगळंच टाकाऊ आहे असं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरातल्या अनेक ॲक्युपंक्चर करणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर पेशंटला स्वतःच्या बोटाने बिंदू दाबायला शिकवलं. मनगटाच्या घडीपासून आतल्या बाजूने कोपराकडे तीन बोटं, दोन कंडरांच्या (हाताला लागणाऱ्या दोरीसारख्या ताठ पट्ट्यांच्या) मधोमध, तो बिंदू. ऑपरेशननंतरची मळमळ तो दाबल्याने कमी होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. तिथे बोट तुमचं आणि मनगटही तुमचंच.

काकूंचं पडणं सुरूच आहे, आणि मी त्यांना थांबवलं नाही. फक्त दोन गोष्टी ठरल्या. पैसे पाठवणं बंद, आणि पडायच्या आधी खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून दहा मोजायचं, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. शुगरच्या गोळ्यांचा डबा मुलाने फ्रिजवरून काढून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलाय.