‘गंजतो तो जास्त क्रियाशील’ : व्हिडिओतला खिळा आणि न टाकलेलं मीठ

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) निळ्या पाण्याचे दोन ग्लास. एकात लोखंडी खिळा, दुसऱ्यात ॲल्युमिनिअमची पट्टी. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो, पट्टी जशीच्या तशी. मागून आवाज येतो: बघा, पुस्तकातल्या क्रियाशीलता श्रेणीत (धातूंची उतरंड, वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकावतो) ॲल्युमिनिअम लोखंडाच्या वर दिलंय ते चूक आहे. जो गंजतो तो जास्त क्रियाशील. बादलीला जस्त लावतात ते जस्त ‘शांत’ असतं म्हणूनच. चांदीसुद्धा काळी पडते, म्हणजे तीही काही कमी नाही. तेव्हा ही श्रेणी पाठ करायची ती फक्त मार्कांपुरती. असा व्हिडिओ गटागटांतून फिरतोय आणि खाली टाळ्यांचा पाऊस.

प्रयोग खोटा नाही. मीही करून पाहिलाय, पट्टी खरंच ढिम्म राहते. पण त्या ग्लासात मोरचूद ॲल्युमिनिअमला भेटतच नाही. हवा लागताक्षणी ॲल्युमिनिअमवर त्याच्याच ऑक्साइडचा थर धरतो. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, पण चिवट आणि सलग. म्हणजे कुस्ती लावलीय आणि एक पैलवान खोलीत कोंडलेला.

दार उघडायला चमचाभर मीठ पुरतं. त्याच ग्लासात टाका आणि बघत बसा. पाणी हिरवट होतं, पट्टीभोवती हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, लालसर तपकिरी गाळ झडायला लागतो आणि ग्लास हाताला चांगला गरम लागतो. तो गाळ म्हणजे तांबं. मिठातले क्लोराइड आयन ऑक्साइडचा थर जागोजाग फोडतात, पुढचं काम ॲल्युमिनिअमचं: त्याचे 2 अणू पाण्यात उतरतात तेव्हा तांब्याचे 3 बाहेर पडतात. ‘हे मिठानेच झालं’ असं कोणी म्हणेल, तर तिसऱ्या ग्लासात मोरचूद आणि मीठ घाला, पट्टी नको. गाळ पडत नाही. (उघड्यावर करा, काडीपेटी दूर ठेवा आणि तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.)

आता गंजाचं. ऑक्सिजनशी दोघांचाही संयोग होतो, फरक पुढे काय उरतं त्यात आहे. लोखंडाचा गंज फुगीर आणि भुसभुशीत, पापुद्रे सुटतात, आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनिअमचा थर बसतो तो बसतोच. धातूला इलेक्ट्रॉन सोडायची ओढ किती हा एक प्रश्न, आणि तो किती वेगाने झिजतो हा वेगळा. श्रेणी पहिल्याचं उत्तर देते. व्हिडिओवाल्याने ते दुसऱ्याला चिकटवलंय.

दोघांची थेट गाठ पाहायची असेल तर रेल्वेच्या रुळाकडे जा. लोखंडाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनिअमची भुकटी एकत्र पेटवली की ॲल्युमिनिअम ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि वितळलेलं लोखंड खाली रुळांच्या फटीत उतरतं. जर्मनीतल्या हान्स गोल्डश्मिट यांनी 1895 मध्ये याचं पेटंट घेतलं. थर्मिट वेल्डिंगने आजही आपल्याकडे रूळ जोडतात. लोखंड 1538 अंशांना वितळतं, इथलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. निकाल याहून स्पष्ट काय हवा?

इतिहासही हेच सांगतो. लोखंड माणसाने कोळशाच्या भट्टीत हजारो वर्षांपूर्वी मिळवलं. ॲल्युमिनिअम कोळशाला दाद देईना. 1827 मध्ये फ्रीडरिख व्होलर यांनी ते त्याच्या क्लोराइडमधून काढलं, तेही त्याहून क्रियाशील पोटॅशिअम वापरून, म्हणजे विस्थापनानेच, वरच्याने खालच्याला हुसकावून. स्वस्त झालं ते 1886 मध्ये विजेची पद्धत सापडल्यानंतर.

जस्ताच्या बाबतीत तर व्हिडिओ नेमका उलटा बोलतो. जस्त लोखंडापेक्षा क्रियाशील, म्हणूनच बादलीला ओरखडा पडला तरी आधी तेच झिजतं आणि लोखंड वाचतं. याउलट कथलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा घ्या. कथील श्रेणीत लोखंडाच्या खाली. मुलामा अखंड आहे तोवर ठीक. एकदा चरा पडला की तिथलं लोखंड उलट झपाट्याने गंजतं.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, आणि तेवढ्यावरून ती लोखंडाच्या पंक्तीला बसत नाही. काळं पडलेलं पैंजण ॲल्युमिनिअमच्या फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खायचा सोडा घाला: गंधक ॲल्युमिनिअमकडे जातं, चांदी पैंजणातच राहते.

राहता राहिलं ‘मार्कांपुरती’. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं पाणी) करताना पाहिलंय का कधी? एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. पिंप प्लास्टिकचं, कारण लोखंडी पिंपात मोरचुदातलं तांबं पिंपावर चढतं आणि पिंप आतून खाल्लं जातं. फवारणीआधी मिश्रणात विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवतात. लाल झालं, तर तांबं अजून मोकळं आहे, पानं करपतील, आणखी चुन्याची निवळी घाला. लाल झालं नाही, तर पंप भरा. पातं मात्र आधी घासून चकचकीत केलेलं हवं. गंजक्या पात्यावर लाली ओळखू येत नाही.