पोर्टलवरच्या नव्या ओळीनं ॲडमिट ठरत नाही

अमेरिकेत एमएससाठी अर्ज केलेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: पत्र यायच्या आधीच विद्यापीठाचं अर्जाचं पोर्टल निकाल सांगून टाकतं. तिथल्या चेकलिस्टमध्ये पैशांच्या कागदपत्रांची ओळ आली की ॲडमिट, म्हणजे प्रवेशाचा होकार, पक्कं. स्टेटस बदललं की निर्णय झाला. मित्राला पत्र आलं आणि तुम्हाला नाही, म्हणजे रिजेक्ट. आणि धीरच धरवत नसेल तर पोर्टलची लिंक जरा बदलून बघा, आतलं पत्र दिसतं. यातल्या एकाही वाक्यावर भरवसा ठेवू नका, असं मी कळकळीनं सांगते.

पैशांच्या कागदपत्रांचं आधी घेते, कारण त्यानंच आमच्या घरी घात केला. गेल्या मार्चमध्ये माझी भाची पुण्यात आमच्याकडे होती. एका रात्री तिच्या पोर्टलवर नवी ओळ उगवली: बँकेचं स्टेटमेंट आणि पासपोर्टची प्रत अपलोड करा, शेजारी लाल फुली. पहाटेचे तीन वाजले होते, म्हणजे तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे साडेपाच. "मावशी, झालं!" म्हणत तिनं मला उठवलं. सकाळी माझ्या आईनं पेढे आणले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं, नकाराचं. ती ओळ तेव्हाही तिथेच होती, फुलीच्या जागी हिरवी खूण घेऊन.

असं का होतं? तिकडची बरीच विद्यापीठं स्लेटसारखं सॉफ्टवेअर वापरतात आणि चेकलिस्टमधल्या ओळी ऑफिसनं लावून ठेवलेल्या नियमांप्रमाणे येतात. अर्जात नागरिकत्व अमेरिकेबाहेरचं असेल तर पासपोर्ट मागा, असा नियम मार्चमध्ये चालू केला, की ती ओळ सगळ्याच परदेशी अर्जदारांना दिसू लागते. आय-२० साठीची (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मसाठीची) कागदपत्रं काही ठिकाणी ॲडमिट दिल्यावरच मागतात, हे खरं आहे. पण काही ठिकाणी ती सगळ्यांकडूनच आधी घेऊन ठेवतात. आपलं विद्यापीठ कोणत्या प्रकारचं, ते त्यांच्या सूचना वाचून कळतं, ओळ बघून नाही.

"पण माझ्या रूममेटचं खरं निघालं!" निघालं असेल. ज्याचं खरं निघतं तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. माझ्या भाचीनं टाकला नाही, आणि तिच्यासारख्या कुणीच टाकला नसणार.

स्टेटसचं थोडक्यात: 'सबमिटेड'चं 'अंडर रिव्ह्यू' झालं म्हणजे बहुतेक वेळा फाइल पूर्ण झाली, ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रं जोडली गेली, इतकंच.

मित्राला आधी पत्र आलं, याचाही तुमच्या अर्जाशी संबंध असेलच असं नाही. अनेक विभाग पत्रं टप्प्याटप्प्यानं काढतात. शिवाय कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा ठराव जी विद्यापीठं मानतात, तिथे आर्थिक मदतीसह ऑफर मिळालेल्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. त्यामुळे काही जागा, विशेषतः पीएचडीच्या, त्या तारखेच्या आसपास मोकळ्या होतात आणि मग इतरांना पत्रं जाऊ शकतात.

लिंक बदलण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. मार्च २००५ मध्ये अमेरिकेतल्या काही नामांकित बिझनेस स्कूलांचे अर्ज अप्लाययुअरसेल्फ या कंपनीच्या प्रणालीवरून जात. कुणीतरी इंटरनेटवर युक्ती लिहिली आणि अर्जदारांनी लिंक बदलून आपापली निकालाची पानं उघडली. काहींना नकार दिसला, काहींना कोरं पान. हार्वर्ड बिझनेस स्कूलनं अशा ११९ जणांना सरसकट नाकारलं, एमआयटीच्या स्लोननं ३२ जणांना. त्यांच्यातल्या कुणाला कदाचित प्रवेश मिळणारही होता. कोण, काय उघडतं, याची नोंद सर्व्हरवर राहते.

आणि ऑफिसनं स्वतः पाठवलेला मेलसुद्धा चुकू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये कार्नेगी मेलननं कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी नाकारलेल्या सुमारे ८०० जणांना अभिनंदनाचे मेल पाठवले आणि काही तासांत परत घेतले. सही करून पाठवलेल्या शब्दाची ही गत, तर चेकलिस्टमधल्या एका ओळीवर किती विसंबायचं?

भाचीचं खरं नुकसान पेढ्यांनी झालं नाही. तिच्या हातात दुसऱ्या विद्यापीठाचा ॲडमिट होता, होकार कळवायची मुदत ३१ मार्च. "पहिलं मिळालंच आहे" म्हणून तिनं ती जाऊ दिली. एप्रिलमध्ये विचारलं तेव्हा जागा भरली होती.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर आजच विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल करा: दुसऱ्या ठिकाणी अमुक तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे, माझ्या अर्जावर तोवर निर्णय होईल का? आणि जिथे ॲडमिट हातात आहे तिथे मुदत आठवडाभर वाढवून मागा. नाही म्हणाले तरी लेखी उत्तर मिळेल, आणि मुदतीच्या दिवशी काय करायचं ते त्यावरून ठरवता येईल.