वही म्हणजे जखमेवर मीठ? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात, लॉकडाउनमध्ये घरच्या कर्त्या माणसाच्या मनावर आलेल्या ताणाबद्दल लेख टाकला होता. घरातलं येणं-देणं एका वहीत लिहून काढा, असं त्यात सांगितलं होतं. त्यावर एका वाचकभाऊंनी लांबलचक प्रतिक्रिया लिहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कर्जात बुडालेल्या कास्तकाराला समुपदेशन नको, पैसा पाहिजे. सरकारी योजना कागदावरच राहतात. फायनान्सवाल्यांच्या वसुलीवर लेखात पुरेसं नाही. लेखात कापसाचा हमीभाव चुकीचा दिला आहे. आणि शेवटी हे वाक्य: ‘एसीत बसून लिहिणाऱ्या मॅडमला काय कळते, ज्याच्या डोक्यावर चार ठिकाणचं कर्ज आहे त्याला वहीत हिशोब लिहायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे.’

भाऊ, आधी भाव. तिथे तुमचं बरोबर आहे. २५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला तेव्हा घरोघरी पडून असलेला कापूस २०१९-२० च्या हंगामातला होता आणि लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ५,५५० रुपये होता. मी ५,८२५ लिहिलं, तो पुढच्या हंगामाचा आकडा. चूक माझी. दुरुस्त केली आहे.

आता तुमच्या भाषेबद्दल. बारा वर्षं मी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यातल्या गावांत याच कामासाठी फिरते आहे, आणि माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावरही बोजा होता. याहून जास्त स्वतःबद्दल सांगणार नाही, ती ही जागा नाही. पण ‘मॅडमला काय कळते’ लिहिण्याआधी एक प्रश्न विचारला असता तर मी उत्तर दिलं असतं. अशा वाक्याने मुद्द्याला वजन येत नाही. होतं एवढंच, की खाली चार-दोन जण अंगठा दाखवतात, आणि ज्या घराला तो लेख वाचायची खरी गरज होती त्या घरातला माणूस ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पुढे सरकतो. मला राग आला तो याचा. माझ्याविषयी तुम्हाला काय वाटतं ते वाटू द्या.

तर वही. तुम्ही ‘चार ठिकाणचं कर्ज’ म्हणालात. बरोबर, चारच ठिकाणचं असतं, कधी पाच. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, बी-खतं देणाऱ्या कृषी केंद्राची उधारी, बायकोच्या नावावरचं महिला गटाचं कर्ज, साळ्याकडून किंवा भावाकडून घेतलेले हातउसने, आणि सावकाराचे, जे घरात कोणालाच माहीत नसतात. हे पाचही आकडे एकाच डोक्यात असतात. कागदावर नसलेला आकडा स्थिर राहत नाही, भाऊ. पहाटे तीनला जाग आली की माणूस तेच कर्ज दोनदा मोजतो. गटाचा हप्ता एकदा महिन्याचा धरतो, एकदा वर्षाचा. तारखा एकमेकांत मिसळतात. सगळं उद्याच द्यायचं आहे असं वाटायला लागतं.

एरवी यावर गावात आपोआप एक उतारा असतो. कापसाच्या जिनिंगवर गाडीची रांग, आठवडी बाजार, पानठेला, कृषी केंद्राची पायरी. तिथे चार जणांचं ऐकलं की आपलं एकट्याचंच असं नाही हे कळतं. लॉकडाउनने नेमकं तेच बंद केलं. खरेदी केंद्रं थांबली, कापूस घरातच राहिला, ज्या खोलीत झोपायचं त्याच खोलीत छतापर्यंत. त्या कापसाने अंगाला खाज सुटायची, झोप मोडायची. त्यात पुण्याला कामावर गेलेला पोरगा घरी परतला. तो पाठवायचा ते पैसे बंद झाले आणि खाणारं एक तोंड वाढलं. कर्त्याने हे कोणाजवळ बोलायचं? बायकोजवळ बोलला तर ती घाबरेल, पोराजवळ बोलला तर तो स्वतःलाच दोष देईल. म्हणून तो गप्प राहतो. वही हा उतारा आहे तो या गप्प राहण्यावर.

आकडे मांडून दाखवते. नुसत्या शब्दांनी तुमचं समाधान होणार नाही. उदाहरण २०२० मधलं आहे, समजावण्यापुरतं. पाच एकर कोरडवाहू, घरात १५ क्विंटल कापूस. माणूस म्हणतो, ‘तीन-साडेतीन लाख देणं झालं.’ लिहायला बसलं की निघतं: सोसायटी ९०,०००, कृषी केंद्र ३८,०००, गटाचे उरलेले २२,०००, सावकार ५०,०००, साळा २०,०००. बेरीज २,२०,०००. कमी आहे का? नाही. पण साडेतीन लाखही नाही. आता येणं लिहा. १५ क्विंटल हमीभावाने ८३,२५०. पीएम किसान सन्मान निधीचे २,०००. बायकोच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून दर महिन्याला ५०० आले होते ते. पोराला रोजगार हमीवर काम मिळालं तर त्या वर्षी दिवसाला २३८ रुपये.

मग पुढची पायरी, आणि हीच बहुतेक घरांत चुकते. जो दारात येऊन मोठ्याने बोलतो त्याला आधी पैसे दिले जातात. बघायचं असतं ते व्याज कुठे पळतं आहे. सावकाराचे शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५०,००० वर महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. गटाच्या २२,००० वर २४ टक्के धरले तर मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे २,६४० होतात. रिझर्व्ह बँकेने त्या काळात हप्ता पुढे ढकलायची मुभा दिली होती, पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. हे अनेकांना वसुलीवाला परत आल्यावरच कळलं. आणि सोसायटीचं? एक लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर तेव्हा व्याज शून्य होतं, आणि ती मुदत त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलेली होती. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा तेव्हा सगळ्यात कमी चावणारा होता, आणि माणूस रात्रभर त्यालाच धरून बसला होता. चुकाऱ्यातून, म्हणजे कापूस विकून आलेल्या पैशातून, आधी सावकाराचे पन्नास हजार मोकळे करायचे आणि कृषी केंद्राला पंधरा हजार देऊन बाकीची तारीख मागायची, हा निर्णय डोक्यात होत नाही. कागदावर होतो. सोसायटीचं नवं-जुनं करायची, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायची, तारीख तेवढी वहीच्या पहिल्या पानावर मोठी लिहून ठेवायची, कारण ती चुकली की शून्य व्याज जातं आणि नवीन पीककर्जही अडतं.

आता लेखात मी काय सांगितलं होतं ते परत सांगते. तुमच्या प्रतिक्रियेवरून तो भाग तुम्ही वाचलाच नाही असं दिसतं. वही दिवसा उघडायची, सकाळच्या चहानंतर. जेवणानंतर नाही, दिवेलागणीनंतर तर अजिबात नाही. वीस-पंचवीस मिनिटं, मग बंद. सोबत एकच माणूस, शक्यतो बायको. सगळं घर गोळा करायचं नाही. वसुलीवाला येऊन गेला त्या दिवशी नाही, माणूस प्यायलेला असेल तेव्हा नाही. पहिल्या बैठकीत फक्त येणं लिहायचं. दुसऱ्या दिवशी देणं: कोणाचं, किती, व्याज काय, खरी तारीख कोणती. बेरीज तिसऱ्या दिवशी. बेरजेपासून सुरुवात केली की माणूस वही मिटतो आणि परत उघडत नाही.

आणि बिघडतं कुठे तेही मला माहीत आहे. सावकाराचा आकडा पहिल्यांदा बाहेर येतो तेव्हा. बायकोच्या तोंडून हमखास निघतं, ‘आधी का नाही सांगितलं?’ तिचा प्रश्न खरा असतो, पण त्या घडीला तो विचारला की उरलेले दोन आकडे कधीच बाहेर येत नाहीत. म्हणून तिला आधीच सांगून ठेवावं लागतं: पहिले तीन दिवस फक्त लिही, विचारू नको. दुसरी अडचण शिकलेल्या पोराची. तो मोबाइलवर बेरीज करत बापाची उलटतपासणी घ्यायला लागतो. त्याला पहिल्या बैठकीला बसवू नये. त्याला नंतर एक ठरावीक काम द्यावं, बँकेत जाऊन नोंदी आणायचं.

जखमेवर मीठ कधी होतं? होतं, भाऊ. माणसाला नुसती काळजी नसून नैराश्याचा आजार जडला असेल, तर तीच बेरीज त्याला ‘मी या घरावर ओझं आहे’ याचा पुरावा वाटते. म्हणून आधी ओळखायचं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप नाही. भूक मेली. वावरात जाणं सोडलं, पाऊस पडूनही पेरणीचा विषय काढत नाही. बैलांकडे पाहत नाही. ‘मी असण्यापेक्षा नसलेलं बरं’ असं बोलतो, किंवा अचानक शांत होऊन लोकांचं देणंघेणं मिटवायला लागतो. अशा माणसापुढे वही ठेवायची नाही. त्याला सरळ विचारायचं: मरायचे विचार मनात येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याचदा माणूस पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. मृगाच्या तोंडावर फवारणीची औषधं घरात यायला लागतात. ती पेटीत कुलूपबंद, किल्ली त्याच्याकडे नको, आणि अशा घरात तर उरलेलं औषध शेजाऱ्याकडेच ठेवावं.

डॉक्टर म्हटलं की लोकांना नागपूरचं मनोरुग्णालय आठवतं. तिथे जायची गरज बहुतेकांना पडत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. गावातल्या आशाताईंना सांगा. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात घरभेटीतून अशी माणसं शोधायचं काम त्यांच्याकडे दिलेलं आहे. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला तरी मार्ग मिळतो. गोळ्या सुरू झाल्या की झोप-भूक आधी सुधारते, मन उचलायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे खूप आहेत, आणि महिन्याने बरं वाटलं म्हणून बंद करणारे त्याहून जास्त. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, आणि बंद करायच्या तर डॉक्टर सांगतील तशा हळूहळू. त्यावर दारू नको. पोलीस केस होईल या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला लपवणारी घरंही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे असं ठरलेलं आहे. हे गावात सांगा.

‘समुपदेशन नको, पैसा पाहिजे’ याला उत्तर देण्यासारखं फार काही नाही. दोन्ही पाहिजेत. चुकारा आला म्हणून सहा आठवड्यांची मोडलेली झोप परत येत नाही, आणि झोप आली म्हणून सावकार जात नाही. समुपदेशनाने काय होतं विचाराल तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना समुपदेशनासाठी शिकवून तयार केलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शंभरातले सत्तावीस म्हणजे सगळे नव्हेत, हे मला कळतं. पण ‘काही उपयोग नाही’ असं बेधडक लिहून टाकता येत नाही.

योजना आणि फायनान्सवाले हा वेगळा विषय आहे. या लेखात तो नव्हता, म्हणून लेख खोटा ठरत नाही. एवढंच सांगते, दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला, कोरोनाने गेला असला तरी, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २०,००० मिळतात. अर्ज तहसीलला करायचा. ज्या घरी असं झालं आहे तिथे नुसती हळहळ व्यक्त करण्यापेक्षा मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन कोणी सोबत गेलं तर बरं.

तुम्ही परत लिहा, जरूर लिहा. वहीमुळे कोणत्या घरात काय बिघडलं हे तुमच्या पाहण्यात असेल तर तेही लिहा, मी प्रत्येक ओळ वाचीन. पण त्या घरच्या माणसाबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको.

लेखात भाव दुरुस्त केला आहे. ‘दोन आठवडे झोप नसलेल्या माणसापुढे वही ठेवू नका’ ही ओळ आधीपासून होती, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात. ती आता उचलून अगदी वर घेतली आहे.