गोळ्यांची मी, कोळ्यांचा तो

औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, असं कुठल्याच पत्रिकेत लिहिलेलं नसतं. आमची नाडी बघितली, मंगळ बघितला. कोळी आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. आता इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरातली वरची छोटी खोली कोळ्यांची आहे. मी दिवसभर गोळ्यांच्या डब्यांवर लेबलं चिकटवून घरी येते आणि अभय चहाआधी कोळ्यांचे डबे पुढ्यात मांडतो. ‘तुझा हात बसलाय ना,’ म्हणतो.

हात बसलाय खरा, पण गोळी परवडली. गोळीचं नाव पाकिटावर छापून येतं, तिचं कूळ रातोरात बदलत नाही आणि लेबल लावताना ती भिंतीवर चढत नाही.

आमच्या घरात आधी आला तो मेक्सिकोचा लाल गुडघ्याचा कोळी. काळाभोर, पायांच्या सांध्यांवर केशरी, चालतो असा की जणू पेन्शन घेऊन परततोय. आला तेव्हा नाव होतं ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’; ब्रॅकिपेल्मा हे आडनाव, स्मिथी हे प्रजातीचं. मी छान ठळक लेबल छापून लावलं. मग अभयला कळलं की २०१७ साली मेंडोझा आणि फ्रांके या दोघा अभ्यासकांनी जुने नमुने तपासले आणि जाहीर केलं की पाळणाऱ्यांकडे स्मिथी म्हणून फिरणारे बरेचसे कोळी स्मिथी नाहीतच, ते ‘हॅमोरी’. खरा स्मिथी गेरेरो राज्यातला. हॅमोरी कोलिमा, हालिस्को, मिचोआकानकडचा. बरं, प्रकरण इथे मिटलं असतं तर ठीक. पण १९९७ पासून ‘अनिता’ नावाचा आणखी एक कोळी होता. तपासणीत निघालं की अनिता हाच मुळात स्मिथी. म्हणजे स्मिथीचा झाला हॅमोरी आणि अनिताचा झाला स्मिथी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, तेव्हा निदान तिला विचारल्यासारखं तरी करतात.

मी नवं लेबल छापलं. त्यानंतर ब्रॅकिपेल्मातल्या काही मंडळींना वेगळं बिऱ्हाड थाटून देण्यात आलं. त्या बिऱ्हाडाचं नाव ‘त्लिल्तोकात्ल’. नाहुआत्ल भाषेत याचा अर्थ काळा कोळी. लेबलाच्या पट्टीवर ते मावलं, जिभेवर अजून मावलेलं नाही. आमच्याकडचा कुरळ्या केसांचा होन्डुरासी कोळी या नव्या घरात गेला, तर आडनावाबरोबर त्याचं लिंगही बदललं; अल्बोपिलोसम होता तो अल्बोपिलोसस झाला. लॅटिन व्याकरणाला तसं लागतं म्हणे. कोळ्याला विचारलं, तो पाण्याच्या वाटीत पाय घालून बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? ‘लाल गुडघा’, ‘कुरळे केस’, ‘हिरवी बाटली निळा’ लिहून मोकळं व्हावं. बाजारात लोक तेच करतात, वर त्याचीही आद्याक्षरं करतात. जीबीबी म्हणजे ‘ग्रीन बॉटल ब्लू’, व्हेनेझुएलाचा तो निळ्या पायांचा. ओबीटी म्हणजे आफ्रिकेतला नारिंगी बबून टॅरंटुला. तो इतका तापट की पाळणारे त्या अक्षरांचा अर्थ ‘ऑरेंज बायटी थिंग’, नारिंगी चावरी वस्तू, असा लावतात. मला मात्र आद्याक्षरं बघितली की अंगावर काटा येतो. आमच्या धंद्यात ॲम्लोडिपिन आणि ॲमिट्रिप्टिलिन शेजारी ठेवू नका म्हणून डोकं खातात. एक रक्तदाबाची, दुसरी नैराश्याची, आणि घाईतल्या डोळ्याला दोन्ही सारखीच. ब्रँडचं नाव काहीही असो, आत काय आहे ते लिहा, हा आमचा धर्म. तो मी कोळ्यांनाही लावते.

शिवाय पिल्लांचं काय? एका कोषातून शेकडो बाहेर पडतात, प्रत्येक चार-पाच मिलिमीटरचं. कित्येक जातींची पिल्लं या वयात इतकी सारखी दिसतात की त्यांची खरी ओळख म्हणजे डबीवरचं लेबल, बस्स. ते सुटून पडलं किंवा दोन डब्यांची झाकणं अदलाबदल झाली, की पुढची दोन-चार वर्षं तुम्ही एका अनोळखी पाहुण्याला झुरळं खाऊ घालत राहता. तो मोठा होतो, कुणीतरी लेबलावर विश्वास ठेवून त्याची भलत्याच जातीशी सोयरीक जमवतो, आणि त्यांची संकरित पिल्लं पुन्हा एका सुंदर, स्वच्छ, साफ खोट्या लेबलाखाली विकली जातात. त्यानंतर ती वंशावळ कुणालाच निस्तरता येत नाही. म्हणून ज्याला खात्री नाही त्याने लेबलावर प्रजातीच्या जागी ‘एसपी.’, म्हणजे ‘प्रजाती ठाऊक नाही’, लिहावं आणि कुठून घेतला ते लिहावं. मला या छंदातली ही सगळ्यात सभ्य माणसं वाटतात. थायलंडचा एक झगमगीत निळा कोळी असाच कित्येक वर्षं ‘चिलोब्रॅकिस एसपी. इलेक्ट्रिक ब्लू’ म्हणून विकला जात होता. २०२३ साली त्याचं रीतसर बारसं झालं, ‘नॅटॅनिचॅरम’. नाव ठेवण्याचा मान चक्क लिलावात गेला आणि पैसे सत्कार्याला. आमच्याकडे आत्या फुकटात नाव ठेवते आणि वर साडी नेते.

लेबलावर नर की मादी हेही लागतं, आणि ते ठरतं कातेवरून. कोळ्याने कात टाकली की घरात जे वातावरण होतं ते फक्त दहावीच्या निकालाला असतं. अभय ती वाळकी कात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवतो, मग चिमट्याने पोटाकडचा भाग असा हलक्या हाताने उलगडतो की त्याने आजवर माझी एकही साडी तशी उलगडलेली नाही. आत फुफ्फुसांचे चार पांढरे ठिपके दिसतात. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, एका आडव्या घडीत, शुक्राणू साठवायची पिशवी दिसली तर मादी. त्या पिशवीच्या आकारावरून अभ्यासक प्रजातीही ओळखतात. मी भिंग लावून बघते तेव्हा मला साबणाचा बुडबुडा दिसतो. मादी निघाली तर अभय अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, कारण लाल गुडघ्याची मादी वीस वर्षांहून जास्त जगते आणि नर वयात आला की त्याचं वर्षा-दीड वर्षात आटोपतं. मुलगी झाली म्हणून पेढे वाटणारं घर मी हे एकच बघितलंय.

पण खरी परीक्षा आपल्याकडच्यांची. भारत-श्रीलंकेतले झाडावर राहणारे पोसिलोथेरिया. वरून बघाल तर राखाडी, काळी, पांढरी नक्षी. आणि जवळपास सगळ्यांची नक्षी एकमेकांवरून उतरवल्यासारखी. ओळख असते खालच्या बाजूला, पायांच्या आतल्या रंगांत आणि पोटावर. आपल्या सह्याद्रीतही सापडणाऱ्या ‘रेगालिस’च्या पोटाखाली फिकट आडवा पट्टा असतो. तो बघायचा तर कोळी पारदर्शक डब्यात घ्यायचा, अभयने डबा डोक्यावर धरायचा आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणं पडून खालून टॉर्च मारायचा. यांच्या अंगावर मेक्सिकोवाल्यांसारखे खाजरे केस नसतात, म्हणून ते विषावर आणि पळण्यावर भागवतात. चावले तर माणूस मरत नाही, पण स्नायूंत असे गोळे येतात की दिवसचे दिवस जात नाहीत. अभय डबा धरून वरून विचारतो, ‘पट्टा दिसतोय का?’ मला तेव्हा फक्त झाकण नीट बसलंय का एवढंच दिसत असतं.

त्यातल्या त्यात सोपा म्हणजे ‘मेटॅलिका’. असा निळा की चुकायला वावच नाही. १८९९ साली लंडनच्या संग्रहालयातल्या पोकॉकने त्याचं वर्णन केलं, तो नमुना आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडला होता. मुंबईहून तिरुपतीला गाडीने गेला असाल तर गुत्ती तुमच्याही वाटेवरच होतं. त्यानंतर शंभर वर्षं तो पुन्हा कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये सापडला तो गुत्तीपासून बराच लांब, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. पहिला बिचारा लाकडाच्या वॅगनमधून विनातिकीट आला असावा. आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये आहे, २०१९ पासून सगळ्या पोसिलोथेरियांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत, आणि तरी जगभर त्याला ‘गुत्ती सफायर’च म्हणतात. आमच्याकडची मादी इंग्लंडातच जन्मलेली, कागदपत्रांसकट. लेबलावर मात्र अभयला गुत्ती नको, नंद्याळ हवं. लेबलात मूळ गाव चूक म्हणजे सगळंच चूक, हे त्याचं म्हणणं. तत्त्वतः मी त्याच्या बाजूची आहे. पण हे लेबल मी याआधीही बदललंय आणि पट्टी महाग आहे.

या उन्हाळ्यात पुण्याहून सासूबाई आल्या. पाहुण्यांची सोय त्याच खोलीत. त्यांनी दारातूनच रांगेवर नजर फिरवली.

‘ही इंग्रजी नावं काढ गं. मराठीत लिही, मोठ्या अक्षरात. रात्री उठले तर कोण कुठे आहे ते कळायला हवं.’

‘आई, ही लॅटिन आहेत,’ अभय म्हणाला.

‘मग तर काढच. प्रत्येकाचं गाव सांग मला.’

अभय सांगत गेला, त्या ठरवत गेल्या, मी छापत गेले. गेरेरोकर. कोलिमकर. सोकोत्रा बेटावरून आलेल्यांचे सोकोत्रेकर. एसपी. असलेल्याचं गाव कुणालाच माहीत नव्हतं, त्याला त्यांनी ‘परगावकर’ केलं, जे मला अजूनही शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष वाटतं. निळ्या मादीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘ही गुत्तीकर.’

‘नाही आई, गुत्तीला ती फक्त सापडली. तिथे ती राहतच नाही. नंद्याळकर.’

सासूबाईंनी चष्मा काढला. ‘अभ्या, आपण मिरजकर ना?’

‘हो.’

‘कोण राहतंय मिरजेत?’

अभयने काही न बोलता प्रिंटर माझ्याकडे सरकवला.