माया लोक, पीचच्या टोपल्या आणि काकांचा फॉरवर्ड

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही फिरत असेलच. त्यात म्हणे बास्केटबॉल हा माया लोकांचा हजारो वर्षं जुना खेळ, नेस्मिथ नावाच्या अमेरिकन मास्तराने तो ढापला, टोपलीची गोष्ट मागून रचली, तसाही हा ताडमाड लोकांचाच खेळ, आणि जगभर पसरला तो फक्त एनबीए या अमेरिकन लीगचा पैसा आणि तिथल्या स्टार मायकल जॉर्डनच्या बुटांमुळे. काकांना ग्रुपवर उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माया प्रकरण आधी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत रबरी चेंडूचा खेळ होता हे खरंच आहे, माया लोक खेळायचे, त्यांच्या आधीचेही खेळायचे, चिचेन इत्साला त्याचं भलंमोठं मैदान आजही उभं आहे आणि भिंतीवर दगडी कडं पण आहे. ते कडं बघितलं की लोक म्हणतात झालं, हीच बास्केट. अहो पण ते कडं उभं बसवलंय, आडवं नाही! आणि त्या खेळाच्या मुख्य प्रकारात भरीव, जड चेंडू कमरेने हाणायचा, हात लावायचाच नाही. मेक्सिकोत सिनालोआकडे उलामा नावाने अजून खेळतात तसं. यावरून बास्केटबॉल चोरला म्हणणं म्हणजे विटीदांडू बघून कॅरम ढापला म्हणण्यासारखं आहे.

आता नेस्मिथ. एक तर तो जन्माने अमेरिकन नव्हता, कॅनडातल्या ऑन्टॅरिओचा, जन्म १८६१ चा, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ते पार १९२५ मध्ये. १८९१ च्या हिवाळ्यात तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिश्चन तरुणांच्या संस्थेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होता. बाहेर बर्फ, फुटबॉलचा सीझन संपलेला, आणि १८ जणांचा एक वर्ग जिममधल्या त्याच त्याच कवायतीला इतका वैतागलेला की आधीच्या मास्तरांनी हात टेकले होते. तिथले मुख्य गुलिक यांनी नेस्मिथला सांगितलं, १४ दिवसांत आत खेळता येईल असं काहीतरी काढ. त्याने आधी बाहेरचेच खेळ आत आणून बघितले, नुसती धक्काबुक्की.

मग त्याने जे डोकं लावलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. माणसाला पाडतात का? तर तो बॉल घेऊन पळतो म्हणून. मग बॉल घेऊन पळायचंच नाही, पाडायचं कारणच संपलं. गोल समोर उभा असला की जो जोरात हाणेल तो जिंकणार, बंद जिममध्ये कोणाचं तरी नाक फुटणार, म्हणून गोल आडवा करून डोक्याच्या वर टांगायचा, म्हणजे बॉल अलगद कमानीतच टाकावा लागतो. हे त्याला लहानपणीच्या खेळावरून सुचलं, मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवून तो नेम धरून पाडायचा, आपल्या लगोरीचा लांबचा भाऊच म्हणा. त्याने शिपायाकडे खोकी मागितली, ती नव्हती, पीचच्या दोन टोपल्या मिळाल्या, त्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा निघाला १० फूट उंच. रिंग आजही तेवढ्याच उंचीवर आहे. पहिली मॅच नऊ विरुद्ध नऊ, स्कोअर १-०, टोपलीला बूड असल्यामुळे बॉल काढायला शिडी. आणि हे मागून रचलं म्हणावं तर १३ नियम जानेवारी १८९२ मध्ये, म्हणजे महिनाभरात, शाळेच्या पेपरात छापून आलेत. नियमांचा मूळ टाइप केलेला कागद २०१० मध्ये लिलावात ४० लाख डॉलरच्या वर गेला.

बरं, ड्रिबल, म्हणजे बॉलला टप्पे देत पुढे जाणं, त्यात नव्हतंच. अडकलेल्या खेळाडूंनी बॉल टाकून परत उचलायची पळवाट काढली, त्यातून ते आलं. म्हणजे अर्धा खेळ मास्तरचा, अर्धा पोरांचा.

उंचीचं म्हणाल तर प्रोफेशनलला उंची लागते, मान्य. पण मग्जी बोग्स ५ फूट ३ इंचांचा होता आणि एनबीएत १४ सीझन खेळला. फिलिपिन्सचे लोक काही ताडमाड नाहीत, तरी १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये पाचवे आले, आणि तिकडे आजही गल्लोगल्ली रिंग टांगलेली असते.

आणि एनबीएचा पैसा? अहो ती लीग सुरू झाली १९४६ ला, तीही वेगळ्या नावाने. त्याच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन बाईंनी अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजमध्ये मुलींना हा खेळ शिकवला, १८९५ ला तो चीनमध्ये तिएनजिनला पोचला, वायएमसीएची माणसं जिथे गेली तिथे रिंग गेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये म्हातारा नेस्मिथ स्वतः हजर होता, फायनल भर पावसात मातीच्या टेनिस कोर्टवर, बॉल टप्पाच घेईना, अमेरिका १९ कॅनडा ८. उलट एनबीएलाच वाचायला खेळाचा नियम बदलावा लागला. १९५० मध्ये एक मॅच १९-१८ अशी संपली, कारण एक टीम मुद्दाम बॉल धरून बसली, लोक कंटाळले, शेवटी १९५४ ला २४ सेकंदांचं घड्याळ आणलं, तेवढ्या वेळात बॉल बास्केटकडे फेकायचाच. १९९२ च्या ऑलिंपिकमधल्या ड्रीम टीमने, म्हणजे एनबीए स्टार्सच्या अमेरिकन टीमने, जगभर वेड लावलं हे कबूल, पण तोवर जग शंभर वर्षं खेळतच होतं.

आपल्या मुंबईतलंच बघा. नागपाड्यात चाळींच्या गर्दीत पोरं हा खेळ शिकली, एक रिंग आणि एक बॉल एवढ्यात दहा-पंधरा जणांची संध्याकाळ जाते, कोणी नसलं तर एकटा पण शूट करत बसतो, क्रिकेटमध्ये हे जमत नाही. तिथलेच अब्बास मुंतसीर भारताचे कॅप्टन झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या वर्षी जॉर्डन सात वर्षांचा होता.